कागदाचे सात उंट

थोरल्याने धाकट्याच्या कात्रीने कागद कापला. शिंप्याच्या दुकानात याहून मोठं पाप नाही. कापडाची कात्री एकदा कागदाला लागली की तिची धार गेलीच म्हणायची. तीस वर्षं थोरला स्वतःच धाकट्या भावाला हे बजावत आला होता. पण चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांना गोष्ट सांगायला बायबलातल्या अब्राहामाचे उंट हवे होते, स्वतःच्या कात्रीची धार घालवायची नव्हती, आणि धाकटा जेवायला गेला होता.

कात्री सातव्या उंटाच्या मानेशी आली आणि धाकटा दारात येऊन उभा राहिला. त्याने कात्री उचलली, खडूने दुकानाच्या मधोमध रेघ मारली आणि पलीकडे पाठ करून मशीनवर बसला.

आता थोरल्याची खरी अडचण अशी, की त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं. रोज सकाळी धाकटा त्याच्यासाठी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवी, आणि याची वाच्यता कुठे करत नसे. दुसऱ्या दिवशी उशी बोडकी होती. शनिवारी एका नवरदेवाचा कोट द्यायचा होता आणि त्याची काजं हातानेच करायची होती.

माफी मागायला मान खाली घालावी लागते. औदार्य ताठ मानेनेही करता येतं. थोरल्याने औदार्य निवडलं.

“भांडण नको रे बाबा,” तो रेघेशी येऊन म्हणाला. “अब्राहाम पुतण्याला काय म्हणाला? तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. तसंच करू. निवड तू कर.”

“म्हणजे मी तो पुतण्या, लोट?” धाकट्याने मशीन थांबवलं. “त्याने आधी निवडलं आणि त्याच्या गावावर आग पडली. तूच निवड, दादा.”

“लोटाच्या बायकोसारखा मी काही मिठाचा खांब होणार नाही हं!” डबा घेऊन आलेल्या धाकट्याच्या बायकोने दारातूनच सांगून टाकलं.

थोरला हट्टाला पेटला. निवडत नाहीस? मग माझ्यातली हातभर जागा घे! त्याने आपली नवी रेघ हातभर मागे मारली. धाकटाही काही कमी नव्हता. त्यानेही हातभर सोडली. बुधवारपर्यंत मधला पट्टा दोघांचाही राहिला नाही, आणि कापड बेतायचं टेबल नेमकं त्या पट्ट्यात अडकलं. गिऱ्हाईक मध्ये उभं राही आणि दोघे भाऊ आपापल्या भिंतीला चिकटून त्याच्याकडे टेप फेकत.

भांडण मिटवायला थोरल्याने शास्त्राप्रमाणे साक्षीदार आणले, चर्चचे पाळकसाहेब आणि तिथला घंटावाला. मधल्या जागेत छान वारा लागत होता. पाळकसाहेबांनी बूट काढले आणि टेबलावर आडवे झाले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!

शुक्रवारी दोघांची भिंतीलगतची जागाही देऊन संपली. थोरला स्टूल घेऊन फुटपाथवर आला, धाकटा मशीनसकट आला. मग फुटपाथही एकमेकांना देऊ लागले. शनिवारी सकाळी थोरला चांभाराच्या दुकानासमोर होता आणि धाकटा पार औषधांच्या दुकानापाशी. दुकानात पाळकसाहेब घोरत होते. नवरदेव बनियनवर, थोरल्याच्या मांडीवरच्या बिनकाजाच्या कोटाकडे बघत उभा होता.

थोरल्याने अकराव्यांदा सुई ओवायचा प्रयत्न केला. दोरा बोटाला लागला, भोकाला नाही.

“आणखी किती जागा देऊ रे तुला?” तो रडकुंडीला येऊन ओरडला.

“जागा मागितली कुणी?” तिकडून धाकटाही ओरडला. “कात्री घेताना विचारलंस? नाही म्हणालो असतो का मी?”

थोरला उठला. मागोमाग कोट घेऊन नवरदेवही निघाला. सोडलेली सगळी जागा तुडवत, दुकानाच्या दारावरून तो धाकट्याच्या शेवटच्या रेघेशी येऊन थांबला.

“आत येऊ?”

“ये.”

“चुकलं माझं. माझी कात्री वाचवली आणि तुझी बिघडवली. तुझी आता मला कागदाला राहू दे. ही माझी घे.”

धाकट्याने कात्री घेतली नाही. हात पुढे केला. “सुई आण.”

त्याने एका झटक्यात सुई ओवली. दोरा तोडायला दातांपाशी नेला आणि थांबला.

“दादा, तुझी कात्री घेऊ का?”

“घे,” थोरला म्हणाला, पण इतक्या हळू, की नवरदेवालाच मोठ्याने सांगावं लागलं, “घ्या म्हणतायत ते, घ्या!”