नावाले शेर

मी एक जुना लोखंडी तराजू आहे. दांडी वाकली आहे, पारडी गंजली आहेत, पण डोकं अजून ठिकाणावर आहे. मित्रांनो, तेवढं राहिलं हेच नवल, कारण माझे मालक गुलाबराव!

शेलूबाजारच्या लोहाराने मला घडवलं आणि गुलाबरावांनी भाजीच्या दुकानात टांगलं. "गुलाबरावचा काटा म्हणजे काटा," असं गिऱ्हाईक म्हणालं की मी कसा ताठ व्हायचो! स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. दुकानात रोज बैठक बसायची आणि विषय एकच, आपला देश आणि जुनी साम्राज्यं. माझ्या पारड्यात वांगी, यांच्या तोंडात सम्राट!

त्या वर्षी फाल्गुनातच मळ्यांची सामाईक विहीर गाळाने भरली. सगळ्यांनी मिळून गाळ काढला असता तर गुलाबरावांच्या मळ्यातली वांगी वाचली असती. गुलाबरावांची बायको कस्तुराबाई रोज मागे लागायची. तिचा सगळा उन्हाळ्याचा खर्च त्या वांग्यांवर चालायचा.

"सम्राटाच्या राज्यात विहिरी कोन खंदे? सरकार!" गुलाबराव म्हणायचे. "आताबी सरकारच हाय. तेच येईन गाळ काढाले."

तांड्यावरचा हरिसिंग त्यांचा दोस्त. त्याचं उलटंच. "एवढी मोठी साम्राज्यं बुडाली, हे सरकारबी बुडन. कायले गाळ काढता?"

आणि दोघंही पुन्हा बिडी पेटवायचे. अरे देवा! तुलना दोन, आळस एकच! माझा काटा संतापाने थरथरायचा आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, वारा सुटला.

एका बाजाराच्या दिवशी कामरगावहून कस्तुराबाईचा भाऊ चंपत कांदे विकायला आला. येताना स्वतःचा दगडी शेर घेऊन आला. गुलाबरावांनी एका पारड्यात आपला शेर ठेवला, दुसऱ्यात त्याचा. गुलाबरावांच्या शेराचं पारडं धाडकन खाली गेलं.

"हा शेर हाय?" गुलाबराव ओरडले.

"आमच्याकडं यालेच शेर म्हन्तेत, भाऊजी."

"म्हन्तेत! नाव शेर ठेवल्यानं काय होते? वजन पाह्य ना! नावाले शेर!"

कस्तुराबाई रिकामी घागर घेऊन दारातच उभी होती.

"मंग तुमच्या सम्राटाचं सरकार आन् आपलं सरकार एका वजनाचं कसं हो? त्या राजाले तुमी निवडलं होतं काय? याले तं रांगेत उभं राहून मत देलं आपुन. सरकारात तुमीबी आले. उचला घमेलं! आन् हरिसिंगभाऊ, जे बुडाले त्याईले मंग रडा. माही वांगी वाळून राह्यली!"

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण माझ्या दोन्ही हातांत, म्हणजे पारड्यांत, वजनं होती.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आणि हरिसिंग विहिरीत उतरले, मागोमाग बाकीचेही. गाळ निघाला, पाणी आलं. पण निम्मी वांगी तोवर जळून गेली होती. उरलेली माझ्यात पडली तेव्हा पारडं नीट खालीही गेलं नाही. कस्तुराबाईने रिकामी टोपली उलटी करून झटकली. मला फार वाईट वाटलं.

आता किलो आले, नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात पडलो. पारड्यात पाल झोपते. कधी पुसून तेलाचा थेंब दिलात तर उपकार होतील. मित्रांनो, तुलना खुशाल करा, माझा तर जन्मच त्यासाठी झाला. पण आधी शेर कोणाचा ते बघा, आणि तुमच्या बोलण्यापायी कोणाचा मळा वाळतोय तेही बघा.

परवा दुकानात कोणीतरी पुन्हा विचारलंच, "गुलाबराव, तवाचं साम्राज्य मोठं का आपला देश?"

गुलाबरावांनी त्याच्या हातात घमेलं दिलं. "चाल विहिरीवर. गाळ काढू, मंग सांगतो."