बोलणीला दोघं

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी समीक्षा विरकरने करारनाम्याचे शेवटचे पान उलटले. खाली दोन सह्या होत्या. पहिली कार्यालयप्रमुख राजाराम सरांची, दुसरी तिची.

सही खरी होती. करारनामा मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

विश्रामबागेतल्या या दोन खोल्यांतून कोकण किनाऱ्यावरच्या सात अभ्यासकेंद्रांचा कारभार चालायचा. कार्यालय सांगलीत ठेवले होते ते मुद्दामच. सातांपैकी एखाद्याच्या गावात असते, तर बाकीच्या सहांनी ते मानले नसते. केंद्रे खाडीचे पाणी तपासत, मासळीच्या नोंदी ठेवत, शिंपल्यांच्या जागा नकाशावर टिपत. त्या जागा खाडीकाठच्या बायकांनी स्वतः चिखलात उतरून दाखवल्या होत्या. आम्हाला विचारल्याशिवाय नकाशा कोणाला द्यायचा नाही, एवढीच त्यांची अट होती. त्यावर हो म्हणाली होती समीक्षा.

म्हणून कारभाराची तत्त्वे लिहिताना चौथा नियम तिने घातला. बाहेरच्यांशी बोलणी करायला एकट्याने बसायचे नाही. दोघे हवेत, दोघांच्या सह्या हव्यात, आणि त्यातली एक खाडीकाठच्यांच्या वतीने. ही जबाबदारी तिच्याकडेच आली. नियम तिने पुस्तकातून घेतला नव्हता. म्हसवडहून मेंढरे घेऊन निघालेले तिचे वडील ज्योतिबा, कोणाच्या रानात कळप किती रात्री बसवायचा हे ठरवायला कधीच एकटे गेले नाहीत. एकट्याने केलेली बोलणी बरोबरची माणसे खरी धरत नसत.

करारानुसार सगळे नकाशे जेटी बांधणाऱ्या एका कंपनीला दिले होते. तारीख सिद्धनाथाच्या रथयात्रेची होती. त्या दिवशी ती म्हसवडला होती. मागे प्रवासाची बिले अडकू नयेत म्हणून, नेहमीप्रमाणे, तीन कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ती सरांच्या टेबलावर ठेवून गेली होती. करारनाम्याचे शेवटचे पान त्यातल्याच एकावर छापले होते. परत आल्यावर तिने पेढे वाटले. सरांनी दोन घेतले होते.

शिपाई सयाजी दारात आला.

"म्याडम, तीनच्या मिटिंगला नियम तुमीच वाचणार नव्हं? सर इचारत्यात."

"आहेत आत?"

"हायती. पर आज लय गोड बोलाय लागल्यात. मला सयाजीराव म्हनले."

राजाराम सर मूळचे विट्याचे, सोने गाळणाऱ्या कारागिरांच्या गावचे. "घरचे सोनं गाळतात, मी खाडीचं पाणी गाळतो," हा त्यांचा विनोद ती आठ वर्षे ऐकत आली होती आणि दर वेळी हसली होती. तिने करारनामा त्यांच्यासमोर ठेवला.

"बस की."

ती उभीच राहिली.

"हे केलं नसतं तर पैशाअभावी पुढच्या वर्षी तीन केंद्रांना कुलपं लागली असती."

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नियम मोडलेला नाही, समीक्षा. दोघांच्या सह्या आहेत. आज तू काही वेगळं बोललीस, तर सातही केंद्रं फुटतील. कोणी कोणाचा भरवसा धरणार नाही. तूच उभं केलंयस हे सगळं."

करारनामा तिथेच ठेवून ती बाहेर आली. कपाटातून रजेच्या अर्जांची फाइल काढली. रथाच्या दिवसाचा अर्ज सापडला. खाली 'मंजूर', आणि सरांची सही. तीही खरीच होती.

दोन चाळीसला तिने वडिलांना फोन लावला.

"आबा, रथादिवशी मी कुठं होते?"

"आता गं! माज्या शेजारी हुतीस की. पायाला फोड आल्ता तुज्या. का?"

"कुणी विचारलं तर सांगाल?"

मागे मेंढरांचा कालवा चालला होता.

"सांगायला इचारायची वाट कशाला बगायची, पोरी?"

बरोबर तीनला पडद्यावर सात केंद्रांच्या सात चौकटी उघडल्या. तिसऱ्या चौकटीत केंद्रप्रमुखाच्या मागे खाडीकाठच्या दोन बायका दाटीने बसल्या होत्या. समीक्षाने एकेक नियम वाचला. चौथा वाचून झाल्यावर सर पुढे झुकले. नकाशांचा करार झाल्याचे त्यांनी सांगितले. चौथ्या नियमाप्रमाणे दोन सह्या झाल्या आहेत, आज फक्त मान्यता हवी.

तिसऱ्या चौकटीतली थोरली बाई उठून कॅमेऱ्याजवळ आली.

"आमच्या वतीनं कोण बसलं होतं बोलणीला?"

राजाराम सरांनी समीक्षाकडे पाहून हळूच मान हलवली. दुसरा पेढा उचलताना हलवली होती, तशीच.

तिच्यासमोर रजेचा अर्ज होता. चहाचा ट्रे घेऊन आलेला सयाजी दारातच थांबला. तीन वाजून बावीस मिनिटे झाली होती. तिने अर्ज हातात घेतला. माइक सुरू होता.