कोरड्या हवेची हमी

माझं तोंड वाईट हाय, आमच्या दिग्गी गावात कुणालाबी विचारा. पुंडलिक बोलाय लागला की कोंबड्याबी अंगणातनं पळत्यात म्हणत्यात. पण त्या दिवशी मी वासूवर भडकलो ते काय उगीच न्हवं.

वासू माझा लेक, मिलिटरीत. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात रजेवर आला आणि म्हणाला, "अप्पा, जैसलमेरला क्वार्टर मिळालंय. देवकीला आणि ताराला घेऊन जातो." देवकी माझी सून. तारा नात, चार वर्साची. पाऊस लागला की तिची छाती घरघरायची. भिंतीला ओल, गोधडीला बुरशी, त्यात चुलीवर कपडे वाळवायचे त्याचा धूर. रामनगरच्या डॉक्टरानं सांगितलंच हुतं, ही ओली हवा पोरीला मानवत न्हाई.

"म्हणून वाळवंटात न्हेतोस? पोर हाय का सुकट?" मी उसळलो. "जंगल तोडून खाल्लं असंल त्या लोकांनी, म्हणून पाऊस न्हाई. झाडं लावा म्हणावं!"

"उलटं हाय, अप्पा. पाऊस न्हाई म्हणून झाडं न्हाईत."

"व्हय रे शाण्या! आणि समुद्र? समुद्र न्हाई काय तिकडं?"

"हाय की, कच्छाच्या अंगाला," म्हणाला, आणि मांडी घालून बसला समजावत. आपल्याकडं कारवारचा ओला वारा अणशीच्या घाटाला थडकतो. पुढं वाट न्हाई म्हणून वर चढतो, वर गार पडतो, की त्यातलं पाणी सुटून आपल्या डोक्यावर. तिकडचा डोंगर वाऱ्याला आडवा न्हाई, वाऱ्याच्या दिशेनंच पसरलाय. वारा कडेकडेनं निघून जातो. त्यात उंचावरची कोरडी हवा खाली दाबत येती. खाली येता येता ती तापती, आणि तापलेली हवा पाणी सोडत न्हाई, असलेलंबी पिऊन टाकती.

"खाली येऊन तापती? अरे, सूर्य वर हाय का खाली?" मी मोठ्यानं हसलो. देवकीबी पदराआड हसली.

वासू उठून बाहेर गेला. शेजारच्या लाडूच्या सायकलीचा पंप घेऊन आला. "नळीच्या तोंडाला बोट दाबून धरा आणि मारा."

मी मारला. मारतोय मारतोय, तर पंपाचं बूड चांगलं तापलं.

"आयला!"

"हवा दाबली की तापती, अप्पा. तिथं वरची हवा अशीच दाबत खाली येती."

माझा राग कुठं गेला कळंना. पंप हातात घेऊन बसून राहिलो. आत तारा खोकत हुती. खोकून खोकून पोर निळी पडायची, आणि आम्ही नुसतं पाठ चोळत बसायचं.

"वासू, एक खरं सांग," मी म्हटलं. "तिथली हवा अशीच कोरडी राहणार न्हवं? एखाद्या वर्षी तिथंबी आपल्यासारखी झड लागली तर?"

"पडतो कवातरी एखादा पाऊस. पण लागून राहत न्हाई."

"पक्कं?"

"डोंगर काय उठून आडवा हुतोय, अप्पा?"

सकाळपासनं ज्या कोरडेपणाला शिव्या घालत हुतो, त्याचीच हमी मागत बसलो हुतो मी. "मग न्या तिला," म्हटलं, आणि उठून गोठ्यात गेलो.

पुढच्या मे महिन्यात तिघं आली. तारा रस्त्यापासनं घरापर्यंत चढण पळत चढली, तोंड मिटून, छातीत आवाज न्हाई! मी आनंदानं रडलो, लपवायचं काय त्यात? मग सारखी माझ्या मागं. जेवायला माझ्या ताटात, झोपायला माझ्या कांबळ्यात. घर कसं भरून गेलं.

एका दुपारी घाटाकडनं ढग चढले. वारा अंगाला ओला लागला. मी वासूला म्हटलं, "उद्याच निघा."

"रजा हाय अजून, अप्पा."

"उद्याच."

सकाळी तारा माझा हात सोडंना. "आज्जा, मी तुला नको काय?"

"नको," मी म्हटलं. "चल, निघ."