फेब्रुवारीची तीस तारीख

१४ जानेवारी, सकाळी ६ वाजून ५२ मिनिटे. बराक क्रमांक तीनच्या दुसऱ्या मजल्यावर, कपडे वाळवण्याच्या खोलीत आग लागली. त्या खोलीच्या दाराबाहेर, अडीच पावलांवर, मी उभा होतो. माझा काटा हिरव्या पट्टीत होता. आग मी विझवली नाही.

मित्रांनो, मी एक जुना अग्निशामक आहे. लाल रंगाचा, गुडघ्याएवढा, डोक्यावर दांडा आणि मानेत पिन. इंजेच्या डोंगरातल्या या लष्करी तळावर मी बारा वर्षे काढली. माझे आयुष्य दहा वर्षांचे, हे कारखान्याने माझ्या पोटावर ठसठशीत छापले आहे. वाचायला कोणाला वेळ असतो?

माझा जन्म इंचनजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वळला, सांधा जोडला, पोटात पिवळसर भुकटी भरली, वर दाबाचा वायू कोंडला. तपासनीसाने मला टकटक करून पाहिले आणि म्हणाला, "जा, उभा राहा कुठंतरी. देव करो आणि तुझी वेळ न येवो." आमच्या जातीला हाच आशीर्वाद देतात. वेळ न येण्यासाठी उभे राहायचे, पण वेळ आली तर चुकायचे नाही.

पहिल्या वर्षी मला मुदपाकखान्याच्या दाराशी ठेवले होते. तिथे एकदा कढईतल्या तेलाने पेट घेतला. आचाऱ्याने माझी पिन ओढली, दांडा दाबला आणि अकरा सेकंदांत सगळे शांत झाले. त्या दिवशी भातावर भुकटी पडली म्हणून दोनशे जणांनी पाकिटातल्या शेवया खाल्ल्या, तरी शिव्या कोणी दिल्या नाहीत. माझा फोटो सूचनाफलकावर लागला. मला पुन्हा भरून आणले आणि बराक तीनमध्ये उभे केले.

तिथून पुढे माझे धिंडवडे निघाले. कोणी मला दाराला टेकू म्हणून लावले. कोणी माझ्या मानेवर ओले मोजे वाळत घातले. उणे अठरा अंशांच्या थंडीत खिडकीची फट बुजवायला मला तिच्यासमोर नेऊन ठेवले आणि महिनाभर तिथेच विसरले. मला फक्त एक गोष्ट हवी होती. महिन्यातून एकदा मला उलटे करून हलवायचे, म्हणजे पोटातली भुकटी मोकळी राहते. बारा सेकंदांचे काम आहे. मग गळ्यातल्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. सह्या होत राहिल्या. हलवले मात्र कोणी नाही.

अपवाद सुभेदार ब्योन जोंगसुक यांचा. तळावरच्या आगप्रतिबंधाच्या तपासणीचे काम नुकतेच त्यांच्याकडे आले होते. वय अठ्ठेचाळीस, बुटक्या, आवाज खणखणीत. हातात रबरी हातोडी आणि खिशात टॉर्च. एका सॉकेटमध्ये सहा-सहा वायरी खुपसलेल्या दिसल्या की त्या दारातूनच ओरडत, "हा ऑक्टोपस कोणी पाळलाय? माझ्या देखत पाय तोडा त्याचे!" कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जाळीत कपड्यांची चटकन पेट घेणारी लव साचते, ती रोज काढायची असते. बाईंनी यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले होते : 'जाळी साफ केली का?' खाली कोणीतरी लिहिले, 'उद्या.' बाईंनी त्याच्याखाली लिहिले, 'आग आज लागली तर?'

६ नोव्हेंबरला बाई माझ्यापाशी आल्या. मला उलटे केले, कान लावला. पोटात काहीच सरकले नाही. हातोडीने ठोकले. ठक्क. भुकटीचा दगड झाला होता. मग त्यांनी दाब दाखवणाऱ्या काट्यावर टिचकी मारली. हिरवी पट्टी म्हणजे दाब ठीक; काटा तिथून हलला नाही.

"काटापण अडकलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नुसतं सोंग."

राग आला नाही मला. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरे बोलले होते. त्यांनी लाल चिठ्ठी काढली, त्यावर लिहिले, 'निकामी. वापरू नये. ताबडतोब बदलावा,' खाली तारीख आणि सही केली आणि ती माझ्या गळ्यात बांधली. तळावर एकूण बासष्ट अग्निशामक. त्यातल्या सात जणांना त्यांनी अशा चिठ्ठ्या बांधल्या.

दोन दिवसांनी वरून डिव्हिजनची तपासणी येणार होती. ७ तारखेला दुपारी सामानाचा कारभार पाहणारे कॅप्टन सोक माझ्यासमोरच बाईंना भेटले.

"सुभेदारबाई, सात लाल चिठ्ठ्या? उद्या तपासणी आहे. मला फाशी द्यायचा विचार आहे का?"

"नवे मागवा, साहेब. चिठ्ठ्या आपोआप उतरतील."

"मागवलेत. वसंतात येतील. एका दिवसापुरत्या काढा ना. परवा पुन्हा बांधा, मीच दोरी धरतो."

"आग परवापर्यंत थांबेल का, ते विचारून घ्या तिला."

"बाई, तुमच्याशी बोलणं म्हणजे..."

"मी नाही काढणार. काढायची तर तुमच्या हातानं काढा."

कॅप्टनने स्वतःच्या हाताने काढली नाही. असली कामे स्वतःच्या हाताने करण्याची पद्धत नाही. त्यांनी नाईक प्यो दोजिनला बोलावले.

प्योची लष्करी सेवा संपत आली होती. सक्तीची दीड वर्षे भरली की शिपाई घरी जातो. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तो काम करत नाही, नुसता दिवस मोजतो. अशा माणसाला सगळे वचकून असतात. नवी पोरे त्याला 'प्योदादा' म्हणत आणि त्याच्यासाठी कॅन्टीनमधून केक आणत. प्योच्या हातात एक कला मात्र खरी होती. तो बुटाला अशी पॉलिश करायचा की त्यात भुवया कोरता याव्यात. त्याने माझ्या गळ्यातली चिठ्ठी सोडली आणि बुटाच्या चिंधीने, थेंब-थेंब पाणी टाकत, मला मेण चोळले. चाळीस मिनिटे! हलवायला बारा सेकंद पुरले असते, मित्रांनो. बारा. पण हलवलेले दिसत नाही, चकाकलेले दिसते.

मग जुने मळके कार्ड काढून त्याने नवे लावले. बारा महिन्यांच्या बारा रकान्यांत एका बैठकीत, एकाच पेनने तारखा भरल्या. प्रत्येक महिन्याची ३० तारीख. शिपाई योम शेजारी उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "प्योदादा, फेब्रुवारीला पण तीस टाकलीत."

"तुझ्या फेब्रुवारीत नसेल. लष्करात सगळे महिने सारखेच लांब असतात. माझे बघ, संपतायत का?"

नोंदवहीही नवी लिहिली गेली. बासष्ट ओळी, बासष्टांपुढे 'योग्य'. आणि प्रत्येक ओळीशेवटी सुभेदार ब्योन यांचा लाल शिक्का. इथे प्रत्येकाचा नावाचा लाकडी शिक्का असतो. रजेचे अर्ज अडू नयेत म्हणून सगळ्यांचेच शिक्के कचेरीच्या एका खणात पडलेले असतात. बाईंचाही तिथेच होता. ज्या बाई दुसऱ्यांच्या खोल्यांतली विजेची किटली जप्त करत, त्यांनी स्वतःचा शिक्का मात्र उघड्या खणात ठेवला होता. मला याचा फार त्रास होतो. जुनी वही आणि बाकीच्या सहा चिठ्ठ्या कागद कापणाऱ्या यंत्रात गेल्या.

८ नोव्हेंबरला डिव्हिजनचे अधिकारी आले. माझ्यासमोर चार सेकंद थांबले. "काटा हिरवा. छान ठेवलाय," म्हणाले आणि पुढे गेले. तीस फेब्रुवारी त्यांच्या नाकासमोर लटकत होती.

ते गेल्यावर बाईंनी कार्ड पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या तशाच कॅप्टनना गाठायला गेल्या आणि त्यांना घेऊनच परत आल्या.

"माझी चिठ्ठी कुठंय?"

"बाई, आता काय उपयोग? डिव्हिजननं योग्य ठरवलाय तो. आता तुम्ही निकामी म्हणालात तर डिव्हिजन चुकली असं होईल. डिव्हिजनला चूक ठरवू आपण?"

"हो!"

"वसंतापर्यंत धीर धरा. हुकूम समजा हवं तर."

इथे मी सगळ्यात जास्त वैतागतो. बाईंच्या खिशात लाल चिठ्ठ्यांचे अख्खे पुडके होते. त्यांनी हात खिशात घातला, आणि रिकामाच बाहेर काढला. वीस वर्षांची नोकरी, हुकूम म्हटला की पाय जुळतात. त्या दिवशी त्यांनी दुसरी चिठ्ठी बांधायला हवी होती. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो.

पहिली चिठ्ठी कुठे होती, ते मला रोज दिसायचे. प्यो रोज संध्याकाळी माझ्याजवळ भिंतीला टेकून उभा राही, छातीच्या खिशातून ती लाल चिठ्ठी काढी आणि कोऱ्या पाठीवर लिहिलेल्या आकड्यांतला एक खोडी. एकोणसत्तर, अडुसष्ट, सदुसष्ट. चांगला जाड कागद होता, घरी जायचे दिवस मोजायला बरा. समोरच्या बाजूला माझ्या मरणाचा दाखला आणि मागे त्याच्या सुटकेचा हिशेब.

दोन उरले, तो १४ जानेवारीचा दिवस. सकाळची हजेरी बाहेर बर्फात चालू होती. यंत्र रात्रपाळीवरून आलेल्या कोणीतरी कपडे टाकून चालू ठेवले होते. जाळीत अंगठ्याएवढी लव साचली होती. बराकीत दोघेच. तापाने फणफणलेला योम वाळवणीच्या शेजारच्या खोलीत झोपला होता, आणि जाणारा माणूस हजेरीला जात नाही म्हणून प्यो पलीकडच्या खोलीत पांघरुणात.

धुराने तो उठला. अनवाणी धावत आला आणि त्याने मला उचलले. त्याने पिन ओढली, नळी धरली, दांडा दाबला. मी सगळा जोर लावला, मित्रांनो. फुस्स झाले. चिमूटभर भुकटी उडाली, जणू मला शिंक आली. वायू निघून गेला, दगड आत राहिला.

"अरे हा तर... हा तर तोच!" प्यो म्हणाला. त्याने काट्याकडे पाहिले. काटा हिरव्यातच होता.

त्याने मला टाकून दिले, विजेचे मुख्य बटण खाली ओढले, योमला काखांत हात घालून जिन्यापर्यंत फरफटत नेले आणि भिजवलेले घोंगडे घेऊन परत आला. खालून माणसे पोचेपर्यंत त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. एक खोली जळाली. योमच्या छातीत धूर गेला. तो शहरातल्या इस्पितळात आहे.

आता मी सुभेदार ब्योन यांच्या टेबलावर आहे, पुरावा म्हणून. शेजारी कार्ड आणि नोंदवही. चौकशीला आलेल्या मेजर ह्वांगबो यांना गोष्ट सरळ दिसते. वहीत 'योग्य' आहे, शिक्का बाईंचा आहे, तेव्हा जबाबदारी बाईंची. बडतर्फी, पुढे लष्करी न्यायालय.

"मी याला निकामी ठरवला होता. लाल चिठ्ठी बांधली होती," बाई म्हणाल्या.

"कॅप्टन सोकना असली चिठ्ठी आठवत नाही. दाखवा चिठ्ठी."

"या कार्डावर फेब्रुवारीची तीस तारीख आहे, साहेब. हे कार्ड खोटं आहे एवढं तरी..."

"लिहिणाऱ्याच्या हातून चुकलं असेल."

काल, १५ तारखेला, प्यो हाताला पट्टी बांधून बाईंसमोर उभा होता. मेजर बाहेर गेले होते.

"चिठ्ठी कुठंय, प्यो?"

"कुठली चिठ्ठी, बाई?"

बाईंनी त्याच्या हातावरची पट्टी पाहिली. मग म्हणाल्या, "हात ठणकतो का?"

"रात्री ठणकतो."

"मलम दिवसातून तीनदा लाव. दोनदा नाही. तुला सगळं कमीच करायची सवय आहे."

तो गेला. त्याचा डावा हात छातीच्या खिशावर होता. चिठ्ठी दिली तर ती कोणी सोडली हे सांगावे लागेल, कोणाच्या सांगण्यावरून हेही सांगावे लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत त्याचे घरी जाणे थांबेल. पाठीवरचे एकोणसत्तर आकडे त्याच्याच अक्षरात आहेत.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या जिन्यात, इमारतीच्या तळमजल्यावर माझे भाऊबंद उभे असतील. त्यांना पुसले नाही तरी चालेल. त्यांच्या अंगावर तारीख लिहिलेली असते, ती वाचा. त्यांना कोणी उलटे करून हलवते का, हे मोठ्यांना विचारा. चिडतील. तरी विचारा. आणि कोणी लाल चिठ्ठी बांधली असेल, तर ती सोडू नका, कोणीही सांगितले तरी.

आज १६ जानेवारी. प्योची सुटका नऊ वाजता आहे. त्याची आई योसूहून मोहरीच्या पानांच्या आंबट-तिखट किमचीचा डबा घेऊन आली आहे आणि फाटकाबाहेर थांबली आहे. बस नऊ वीसला सुटते. आता आठ वाजून एक्कावन्न मिनिटे झाली आहेत. प्यो नव्या गणवेशात निरोपाचा सलाम करायला या खोलीत आला आहे. मेजर लिहिता लिहिता म्हणाले, "ठीक आहे, जा. आणखी काही?"

बाईंनी मान वर केलेली नाही. प्योने डाव्या हाताने छातीच्या खिशाचे बटण उघडले आहे. हात अजून खिशातच आहे.

माझा काटा हिरव्या पट्टीत आहे.