ओल्या अंगणावरून फिरलेली थापी

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे. नावाला हसू नका. थापा मारायचे काम माणसांचे, मी नुसता चिखल थापते. गाडीच्या मोडक्या चाकातून सुताराने मला कापले, तासले आणि मूठ गुळगुळीत करता करता म्हणाला, "चाकाचं लाकूड आहे आक्का, तुमच्या जिभेइतकं कडक. चिखलात राहील, पण फुगायचं नाही."

आक्का म्हणाल्या, "फुगायला तुम्ही आहातच की!"

तेव्हाच मी ओळखले, आपण बोलक्या घरी पडलो.

आक्का म्हणजे कौलांच्या भट्टीवरच्या थोरल्या बाई. नवरा लवकर गेला. मागे एक लेक आणि एक अजाण दीर. आक्कांनी दोघांना एकाच ताटात वाढवले. दीर मोठा होऊन भट्टीचा मुकादम झाला, तरी आक्का त्याला चारचौघांत "नाक पूस आधी" म्हणायच्या. लेकीचे लग्न भट्टी लावणाऱ्या माणसाशी झाले. त्याला सगळे 'शिट्टी' म्हणत, कारण तो जाळ घालताना, माती मळताना, जेवतानासुद्धा शिट्टी वाजवायचा. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. कौलांची चळत पडून ती गेली होती. "एक बोट कमी, तेवढंच चिखलात कमी रुततो," असे तो म्हणायचा.

मित्रांनो, आता आमच्या अंगणाचे ऐका, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. कच्ची कौले वाळायला ठेवतात ती जमीन सपाट लागते. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही तिच्यावर ओल्या मातीचा नवा थर देतो आणि थापीने सारखा करतो. त्यात कोंबडीचे पाऊल उमटले तरी वरचे कौल वाकडे वाळते, आणि वाकड्या कौलाखाली माणूस पावसात भिजतो. म्हणून अंगणात पायताण चालत नाही. बायका कडेला फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकतात. चिखलात ठसा दिसला की हात आधी पुढे जातो, डोके नंतर. नव्या सुना लग्नानंतर पहिले हेच शिकतात. आणि या कामात माझ्या तोडीची थापी नव्हती, हे मी स्वतः सांगते. दुसरे कोण सांगणार? लांबून लोक यायचे आणि म्हणायचे, "अंगण पाहावं तर यांचं." मी आक्कांच्या कमरेला खोचलेली असायचे. गावात त्यांच्याबरोबर माझाही मान होता.

आज लाजेने मला मूठ वर करवत नाही. सांगते.

नवा थर दिला त्या संध्याकाळी मुकादम आणि शिट्टी यांचे वाजले. शिट्टी म्हणत होता, भट्टी आतून ओली आहे, जाळ घातला तर माल फुटेल. मुकादम म्हणाला, "तू शिट्टी फुंक. भट्टी मी बघतो." सगळ्यांनी ऐकले. काही जण हसले. शिट्टीही हसला, पण कान लाल झाले होते त्याचे. तो म्हणाला, "फुटली तर तुमच्या डोक्यावर फुटेल, काका." बोलून गेला बिचारा. आमच्याकडे असे बोलणे रोजचे.

सकाळी आक्का सर्वांच्या आधी आल्या. भट्टीच्या तोंडाशी मुकादम पालथा पडला होता. डोक्याला मार होता, शेजारी जाळ सारायची लोखंडी सळई होती. आक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याला उताणा केला, पदराने तोंड पुसले, आणि मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की झाडावरची पाखरे उठली.

मागोमाग बाकीच्या बायका आल्या. एक ठेंगणी काकू, भट्टीच्या मागे राहायची. एक चिमणी, आवाज बारीक म्हणून तिला तसे म्हणत. आणखी दोघीतिघी. कोणीतरी चौकीवर धावले. कोणी चादर आणली. शिट्टी कुठे दिसत नव्हता. लेक म्हणाली, "सकाळी उठले तेव्हा अंथरूण रिकामं होतं. मला वाटलं, भट्टी बघायला आला असेल." अंगणाकडे न बघताच ती त्याला शोधायला गावाकडे धावली.

आणि आमच्या समोर अंगण पडले होते. ओले, नवे, आणि तुडवलेले.

मित्रांनो, मी ते पाहिले आहे. करंगळी नसलेले पाऊल घराकडून धावत आले होते, पुढची बोटे खोल रुतली होती. त्याच्या भोवती बुटांचे ठसे होते. आमच्याकडे बूट घालून अंगणात कोण येणार? बुटांची खटपट एका जागी फार झाली होती. तिथून पुढे अनवाणी पाऊल नव्हतेच. होते ते दोन लांब ओरखडे, बेशुद्ध माणसाला काखेत धरून ओढले तर टाचांचे पडतात तसे. ते गाडीवाटेपर्यंत गेले होते आणि तिथे दगडावर संपले होते.

हे अंगणाने पाटीवर लिहावे इतके स्पष्ट लिहिले होते.

पण ऊन चढत होते. वरची माती पांढरी पडायला लागली होती. चौकीवरून माणसे यायला वेळ होता. आक्का डोळे पुसत पुसत फळीवर टेकल्या, पाण्यात हात घातला आणि मला बाहेर काढले. "वाळलं तर वर्षभर कौलं वाकडी होतील," कोणीतरी म्हणाले. "आणि परकी माणसं येणार. त्यांच्यापुढे हे असं दाखवायचं का?" दुसरीने आपली थापी काढली. मग तिसरीने. रडत होत्या आणि थापत होत्या. हुंदका आला की थापी थांबायची, ओसरला की पुन्हा चालायची. बुटाचा एक ठसा माझ्याखाली गेला, मग दुसरा. मग ते लांब ओरखडे. मी इतके नीट काम कधी केले नव्हते.

फौजदार आले तेव्हा अंगण लखलखत होते. ते कडेला उभे राहून पाहत राहिले. "इथे काही हलवलं का कोणी?"

बायकांनी माना खाली घातल्या. आक्का म्हणाल्या, "प्रेतावर चादर घातली, एवढंच."

फौजदार सोबतच्या हवालदाराला म्हणाले, "ओला चिखल आहे आणि परक्या पावलाचा एक ठसा नाही. बाहेरून कोणी आलेलंच नाही. भांडण घरातलं, माणूस घरातला. आणि जो घरातून गायब, तोच."

आक्कांचे तोंड उघडले. मूठ माझ्यावर अशी आवळली की मला वाटले, आता बोलतील. तेवढ्यात फौजदार म्हणाले, "बाकी अंगण सुरेख ठेवलंय हो! आरसाच."

तोंड मिटले. मित्रांनो, आयुष्यात माझे पुष्कळ कौतुक झाले. तेवढे एक कौतुक मला उभे जाळते.

चौकीच्या भिंतीवर कागद लागला. शिट्टीचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात 'फरार आरोपी'. पुढे सगळे अवघडच होत गेले. आज सांगावे, तर म्हणतील जावयासाठी बाईने पुरावा पुसला. उद्या सांगावे, तर म्हणतील काल का नाही सांगितलेस. आक्का कोणाला न भिणाऱ्या, पण स्वतःच्याच हाताला भ्यायल्या. लेक माहेरी येऊन राहिली. नळावर बायका तिची कळशी बाजूला सरकवायच्या. "खुन्याच्या घरचं पाणी नको बाई," कोणी हळू म्हणायचे, म्हणजे तिला ऐकू जाईल इतक्या हळू.

लेक कोणाला बधायची नाही. "तो पळणारा नाही," एवढेच म्हणायची. "जाताना मला न सांगता तो विडी आणायलासुद्धा जात नाही." बाजारच्या दिवशी चौकीत जायची आणि कागद काढा म्हणायची. ते म्हणायचे, "नवीन काही असेल तर बोला." नवीन तिच्याकडे काय असणार? जे होते ते आमच्याकडे होते, जुने होऊन पडले होते.

अशी वर्षे गेली. मग एका दुपारी सगळ्या फळीवर बसून थर देत असताना लेक एकाएकी थांबली. हातातला चिखल तिने बादलीत टाकला आणि म्हणाली, "आई, मी थकले. पळालाच असेल तो. काकाला मारून पळाला असेल. आजपासून मीही त्याला खुनीच म्हणणार. सगळे म्हणतात, मी एकटीच किती ओढू?"

आक्कांनी मला खाली ठेवले. "म्हणू नकोस."

"का? तुला काय त्याचं?"

"म्हणू नकोस म्हटलं ना! तो धावत आला होता. वाचवायला आला होता गं. मी पावलं पाहिलीत."

आणि त्यांनी सगळे सांगितले. पाऊल, बूट, ओरखडे, गाडीवाट. सांगताना त्यांची नजर चिखलावर होती, जणू अजून तिथे सगळे दिसत होते.

तेवढ्यात ठेंगण्या काकूचा आवाज आला. "बुटांचे दोन जोड होते. एकाची टाच झिजलेली."

आक्कांनी मान वळवली. "तू पाहिलंस?"

"माझ्या थापीखाली गेले की."

मग चिमणी. "मी गाडीवाटेकडचं पुसलं. मला वाटलं, मला एकटीलाच दिसलं. थोरल्या बोलत नाहीत, म्हणजे बोलायचं नसेल."

"आणि मला वाटलं, तुम्ही कोणी पाहिलंच नाही," आक्का म्हणाल्या.

लेकीने एकेकीचा चेहरा पाहिला. "म्हणजे नळावर तुम्ही माझी कळशी सरकवत होतात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

चिमणीने चिखलाचे हात तोंडाशी नेले आणि तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून चौकीवर गेल्या. मी कमरेला होतेच. फौजदार नवे होते, वयाने तरुण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "इतकी वर्षं गप्प का बसलात?"

आक्का ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "लाज वाटली, साहेब. आधी तुडवलेल्या अंगणाची. मग पुसलेल्या अंगणाची."

फौजदार म्हणाले, "ओढून नेला, म्हणजे तेव्हा जिवंत असावा. मेलेल्याला त्यांनी तिथेच टाकलं असतं, मुकादमाला टाकलं तसं. त्याच सकाळी गाडीवाट धरली असती, तर कदाचित गाठलं असतं. त्याला आम्ही पकडायला शोधत होतो, आक्का. सोडवायला कोणीच शोधलं नाही."

त्यांनी भिंतीवरचा कागद उतरवला आणि हवालदाराकडून नवा लावून घेतला. चित्र तेच. खाली शब्द 'बेपत्ता'. लेकीने तो बोट लावून वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

परत येताना ती पुढे चालत होती. आक्का मागून म्हणाल्या, "बोल की गं काही. शिव्या तरी दे."

ती न वळता म्हणाली, "शिव्या मी तुझ्याकडूनच शिकले, आई. पण याला पुरेल अशी एकही येत नाही."

मुकादमाला कोणी मारले ते अजून कळलेले नाही. शिट्टीही सापडलेला नाही. लेक आता नळावर जाते, बायका स्वतः बाजूला होऊन तिला जागा देतात, आणि ती कोणाकडे न बघता पाणी भरते. आक्कांनी मला खुंटीला टांगले आहे. माझ्या कडा झिजल्या, मुठीला चीर गेली.

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मागणे वेगळेच आहे. वाईट काही घडलेले दिसले, तर पाहुणे येणार म्हणून ते पुसायला धावू नका. घरची थोरली माणसे गप्प आहेत म्हणून तुम्ही गप्प बसू नका. थोरली माणसेसुद्धा भितात, मी त्यांच्या कमरेला राहून पाहिले आहे. जे दिसले ते त्याच दिवशी मोठ्याने सांगा. उशिरा सांगितलेले खरे हे खरेच असते, त्याने भिंतीवरचा कागद बदलतो. पण ओढून नेलेल्या माणसाच्या मागे धावायला ते उपयोगी पडत नाही.