निळ्या मण्याची टाचणी

मी एक जुनी, टाचण्या खोचायची उशी आहे. दुकानात मला पिनकुशन म्हणतात. मित्रांनो, आपली कहाणी जन्मापासून सांगावी, अशी रीत आहे. पण माझा जीव एका शनिवारात अडकला आहे, म्हणून आधी तो सांगते.

त्या सकाळी टेलरबाई मशीनवर पडदे शिवत बसल्या होत्या. दर शनिवारसारखी त्यांची लेक आली. ती लॅबमध्ये लोकांचे रक्त काढायचे काम करते.

"काल किती जणांना टोचलंस?" बाईंनी मान वर न करता विचारले.

"एकोणीस. एक पैलवान गडी सुई बघूनच आडवा झाला."

"मग उचलला कोणी?"

"मीच. दुसरं कोण येणार."

बाई हसल्या. मग मशीन थांबवून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे," लेक म्हणाली. बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. ती काय शोधते ते मला ठाऊक होते. ते माझ्यापाशीच होते. पण मला तोंड नाही.

आता जन्माचे सांगते. चर्चच्या गायकवृंदाचे झगे शिवून उरलेल्या मरून कापडातून बाईंनी मला बेतले. शेजारच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणून माझ्यात ठासून भरला. तेव्हा मी चांगली गुबगुबीत होते.

मशीनवरचे झाकण काढण्याआधी बाई रोज मला मांडीवर घेत. माझ्या अंगावरची एकेक मण्याची टाचणी म्हणजे एकेक माणूस होता. पांढरी टाचणी काज-बटणाचे काम करणाऱ्या मावशीची. काळी चर्चच्या पाळकसाहेबांची, त्यांच्या काळ्या कोटामुळे. पिवळी त्या त्या वेळी जो दवाखान्यात असेल त्याची. बाई एक टाचणी उपसत, चिमटीत धरत, "देवबापा, हिला सांभाळ," म्हणत आणि परत खोचत. अगदी मध्ये निळी टाचणी होती. ती लेकीची. तिच्यापासून सुरुवात होई आणि शेवटही तिच्याजवळच होई. पाळकांच्या पत्नी एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, तुमच्या उशीत अख्खी मंडळी बसलीय की." त्या दिवशी मी जरा जास्तच फुगले होते.

चार वर्षांपूर्वी लेकीला बाळ झाले. ते दिवस भरण्याच्या आधीच आले आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिले. बाईंनी निळीच्या शेजारी एक बारकी, बिनमण्याची टाचणी खोचली. तिला त्या सकाळ-संध्याकाळ हातात घेत. दहाव्या दिवशी बाळ गेले.

महिन्याभराने लेक या खोलीत आली. ती रडली नाही. म्हणाली, "आई, तुझ्या उशीतून माझी टाचणी काढ. ज्यानं ऐकलं नाही त्याच्यापुढे माझं नाव घेऊ नकोस."

बाईंनी हातातला दोरा तोडला. मग म्हणाल्या, "बरं."

पुढच्या शनिवारी माझ्यावर निळा मणी नव्हता. लेकीने ते पाहिले. तिने मागितले तेच तिला मिळाले होते, तरी कोणी आपल्याला घराबाहेर काढून कडी लावावी, तसा तिचा चेहरा झाला. ती विचारील म्हणून बाई थांबल्या, आई सांगेल म्हणून लेक थांबली. मधल्या काळात शनिवार येत-जात राहिले.

खरे काय झाले होते ते फक्त मला माहीत होते. बाईंनी बोटावर अंगुस्तान, म्हणजे शिवणकामाची धातूची टोपी, चढवले आणि निळी टाचणी सरळ खाली दाबली. मणी कापडातून आत, भुशात बुडाला. तिच्या शेजारची बारकी टाचणीही तशीच आत गेली. मला कळ आली, पण मी दोघींना धरले.

"देवबापा, ती तुझ्यावर रुसलीय," बाई म्हणाल्या. "तू तिच्यावर रुसू नकोस. तू रुसत नाहीस, माहितीये मला. तरी सांगते."

तेव्हापासून त्या रोज आधी तिथे अंगठा टेकवत आणि मग इतरांच्या टाचण्या घेत. चार वर्षांत तिथे खळगा पडला. माझा भुसा गळू लागला, टाचण्या आतल्या आत सरकू लागल्या. मला एकच धास्ती होती, की मी फाटले तर या दोघी कुठे जातील?

मी सुरुवातीला सांगितलेल्या त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चमधल्या उपासनेला निघताना बाई दारातच कोसळल्या, एक चप्पल पायात आणि एक हातात. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी लेक खोली आवरायला आली. मदतीला मावशी होती. एक ढीग द्यायच्या वस्तूंचा झाला, एक टाकायच्या. मला टाकायच्या ढिगात ठेवले.

"टाचण्या तरी काढून घे," मावशी म्हणाली.

लेकीने एकेक टाचणी उपसली. "ही तुझी, मावशी."

"पांढरी? तुझ्या आईला मी एवढी शुभ्र वाटत होते?" मावशीने ती पदराला लावली आणि डोळे पुसले.

सगळ्या टाचण्या निघाल्या. "माझी नाहीच," लेक हळूच म्हणाली. "मीच सांगितलं होतं म्हणा."

तिने मला पिशवीत टाकायला उचलले. मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू. तेवढ्यात तिचा अंगठा त्या खळग्यात गेला आणि नेमका बसला. आत काहीतरी गोल, टणक लागले. तिने दाबले. खालून तिच्या तळव्याला टोचले. रोज दुसऱ्यांना सुया टोचणारी ती, तिने हात मागे घेतला नाही. तिने मला उलटे केले. तळातून दोन टोके बाहेर आली होती. एक लांब, एक अगदी बारकी.

"मावशी, हा खळगा कशाचा?"

"तुझ्या आईच्या अंगठ्याचा. रोज सकाळी पहिलं तिथंच. मी विचारलं तर म्हणायची, ते माझं आणि देवबापाचं आहे."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. आणि कोणासाठी प्रार्थना करत असाल तर त्याला तसे सांगा, वाट पाहू नका. मी भुशाची उशी, देवाच्या प्रेमाबद्दल मला काय कळणार? मला एवढेच माहीत आहे, की जी टाचणी कोणाला दिसत नव्हती, तीच मी सर्वांत घट्ट धरली होती.

मावशी चहा टाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आवाज नाही, म्हणून तिने तिथूनच विचारले, "बरी आहेस ना गं?"

लेकीच्या ओठांवर उत्तर तयार होते. तिने ते गिळले. खळग्यात अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "नाही. आई, मी बरी नाहीये."

मग थोडे थांबून, चार वर्षांनी पहिल्यांदाच, ती म्हणाली, "देवबापा, मी बरी नाहीये."