हाताने ऐकलेली घंटा

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. लांबी दीड हात, वजन सुमारे बावीस शेर. सध्या मी शाळेच्या दाराशी टेकून उभा असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मोठी मुले मला पायाने सरकवतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. मी थकलो आहे. लोखंड थकते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. प्रत्येक घावाबरोबर त्याच्या आत केसाहून बारीक भेग वाढत जाते. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस आवाज फुटका येऊ लागतो आणि लोक म्हणतात, "आता नवी घंटा आणा."

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तिथे माझ्यासारखे हजारो होते आणि सगळे अगदी एकसारखे होते. जहाजातून मी मुंबईला आलो, तिथून चाळीसगाव-धुळे फाट्यावर. एका वळणावर मला खडीत झोपवले. वळणावरचा रूळ लवकर झिजतो. बारा वर्षांत माझे डोके एका बाजूने खरवडले गेले आणि मला उपटून भंगारात टाकले.

तिथे मी आमच्या गावच्या झुलाल आबांच्या नजरेस पडलो. आबा शाळेच्या कमिटीत होते. त्यांनी लोहाराकडून माझा एक तुकडा कापून घेतला, भोक पाडले आणि शाळेच्या अंगणात दोन लाकडी खांबांवर आडवी तुळई घालून मला साखळीने टांगले. सोबत एक लोखंडी हातोडी दिली. मी शाळेची घंटा झालो.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. अर्ध्या कोसावरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायका माझ्या दोनच्या ठोक्यावर भाकरी सोडत. "आबा, घंटी भारी आणी!" असे जो तो म्हणे, आणि आबा मिशीला हात लावत. माझा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो, असे मला वाटू लागले. बावीस वर्षे वाटत होते.

मग १९३४ साली भिकुबाई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव झुंबर, वय सात. दोन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता, तेव्हापासून तिला काहीच ऐकू येत नव्हते. बोलणेही थोडेसे, अस्पष्ट.

"मास्तरभाऊ, आंडेरले ऐकू येत नही, पन डोया तेज शेत," भिकुबाई म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी, डोया म्हणजे डोळे आणि शेत म्हणजे आहेत. "बसू द्या तिले."

आमचे सुकदेव मास्तर वाईट माणूस नव्हते. चार इयत्ता एकटेच सांभाळत. ते म्हणाले, "अगं, जिला ऐकू येत नाही तिला मी शिकवू कसं?" भिकुबाई ओसरीवरून उठलीच नाही. शेवटी मास्तरांनी हजेरीत नाव लिहिले आणि झुंबरला सगळ्यांच्या मागे, भिंतीशी बसवले.

शाळेत घंटेची पाळी असे. रोज एका मुलाने ठोके द्यायचे. एके दिवशी पाळी कमलची होती. कमल पहिलीतली, तीही सात वर्षांची, किराणा दुकानदार लोटन यांची मुलगी, बारीक चणीची आणि कमी बोलणारी. झुंबर जवळच उभी होती. कमलने पहिला ठोका दिला. मी थरथरलो आणि ते झुंबरला दिसले. तिने पुढे होऊन दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले. दुसरा ठोका पडला तो नुसता 'खट्' असा.

अंगणातली पोरे वळून पाहू लागली. मग तिसरीतला भटू ओरडला, "बहिरीनी हात लावा, घंटी बी बहिरी व्हई गयी!"

हशा पिकला. आणि त्यातून खेळ निघाला. झुंबरचा हात ज्याला लागेल तो बहिरा होणार. ती जवळ आली की मुले पळत. कोणाला तिचा धक्का लागला की तो दुसऱ्याला शिवे आणि ओरडे, "तुले लागनी!" झुंबरला वाटले, आपणही खेळात आहोत. दोन दिवस ती हसत सगळ्यांच्या मागे धावली. तिसऱ्या दिवशी तिने मुलांचे चेहरे नीट पाहिले आणि ती भिंतीशी जाऊन बसली. मी वर टांगलेला होतो. मला सारे दिसत होते आणि माझ्याकडे ठोक्यांखेरीज दुसरा शब्द नव्हता.

चार दिवसांनी सुट्टीत कमल एकटीच हातोडी घेऊन आली. तिने एक ठोका दिला आणि लगेच स्वतःचा तळवा माझ्यावर ठेवला. 'खट्'. तिने पुन्हा करून पाहिले. पुन्हा 'खट्'. मग तिने भटूला हाक मारली.

"भटूभाऊ, देख. मना हात लागना तरी बी तसंच व्हस. मी काय बहिरी शे?"

"मंग कसाले व्हस तसं?" भटूने विचारले.

"माले काय ठाऊक? पन तिनी काही करं नही."

कारण सोपे आहे. माझे थरथरणे म्हणजेच माझा आवाज. ते हाताने थांबवले की आवाज थांबतो, मग हात कोणाचाही असो. कमलला हे शब्दांत सांगता आले नसते. तिने फक्त करून पाहिले होते. मग तिने झुंबरला हाताला धरून आणले, तिचा तळवा माझ्यावर न ठेवता लाकडी खांबावर ठेवला आणि ठोका दिला. थरथर साखळीतून तुळईत, तुळईतून खांबात आणि खांबातून झुंबरच्या हातात गेली. सगळ्यांच्या कानातला आवाज संपल्यावरही तिने हात काढला नाही. लाकूड पूर्ण शांत होईपर्यंत ती उभी होती. माझा ठोका इतका शेवटपर्यंत तोवर कोणी ऐकला नव्हता.

त्यानंतर कमल तिच्याशेजारी बसू लागली. मास्तर पाढा म्हणून घेत, तेव्हा कमल पाटीवर आकड्यावर बोट ठेवत जाई. झुंबर ओठ बघे, बोट बघे, आणि लिही. थंडी सुरू होईपर्यंत तिला वीसपर्यंत पाढे लिहिता येऊ लागले. मास्तरांना हे कळले नाही, कारण ते पाढे तोंडी विचारत.

मार्गशीर्षात शाळाखात्याच्या डिप्टीसाहेबांची वार्षिक तपासणी असे. गावोगावच्या मास्तरांना या दिवसाची धास्ती. शेरा खराब पडला तर बढती अडे किंवा लांबच्या गावी बदली होई. म्हणून एक वहिवाटच पडली होती. कच्च्या मुलांना त्या दिवशी घरीच ठेवायचे. सुकदेव मास्तर आदल्या दिवशी भिकुबाईला अंगणातच म्हणाले, "उद्या झुंबरला कापूस वेचायला ने. आणि खरं सांगू का, तपासणी झाली की मी तिचं नाव काढणार आहे. तिची जागा अडते, माझा वेळ अडतो." भिकुबाई झुंबरला घेऊन घरी गेली. मग त्यांनी पहिलीच्या मुलांना शिकवून ठेवले की साहेबांनी झुंबरचे नाव घेतले तर सगळ्यांनी एका आवाजात सांगायचे, "आजारी आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेब दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आले. उंच, कोरडे गृहस्थ. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर चष्मा. वर्ग अंगणात उन्हात बसवला होता. साहेबांनी हजेरी उघडली.

"झुंबर?"

"आजारी आहे, साहेब!" पहिली एकसुरात म्हणाली.

कमल उभी राहिली. तिचे पाय कापत होते. इतके थरथरणे मी स्वतःखेरीज कोणात पाहिले नव्हते.

"ती आजारी नही शे, सायेब. तिले 'नको येऊ' सांगेल शे."

मास्तरांचा चेहरा उतरला. "खाली बस, कमल."

कमल बसली नाही. साहेबांनी चष्मा काढला. "का सांगितलं?"

"तिले ऐकू येत नही म्हनीसन. पन तिले वीसलगून पाढा येतस. तुम्ही लिखीसन इचारा."

साहेब हजेरी मिटून मास्तरांकडे वळले. मग कमलला म्हणाले, "जा, घेऊन ये तिला." कमल शेताकडे धावत गेली. झुंबर आली तेव्हा तिच्या ओटीत कापूस होता आणि पायांना माती. साहेबांनी पाटीवर तीन गणिते लिहून दिली. दोन बरोबर आली, एक चुकले. इतर मुलांचेही साधारण तसेच होते. मग साहेबांनी स्वच्छ अक्षरात शेऱ्याच्या वहीत लिहिले आणि मास्तरांना वाचून दाखवले: मुलीचे नाव कायम ठेवावे, तिला पहिल्या ओळीत बसवून प्रश्न लिहून विचारावेत. जाताना ते एवढेच म्हणाले, "मास्तर, तुमच्या वर्गातलं खरं मला एका सात वर्षांच्या मुलीकडून ऐकावं लागलं."

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण मित्रांनो, मला खरे तेच सांगायचे आहे. मास्तरांनी कमलला मारले नाही, पण महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. झुलाल आबा लोटनच्या दुकानी जाऊन म्हणाले, "तुनी आंडेरनी गावनी लाज घालाडी." आणि मुलांनी कमलला चहाडखोर ठरवले. दुसऱ्या दिवशी तिच्या उजवीकडची मुलगी सरकली, मग डावीकडची. ती ओळीत एकटी पडली. खाली मान घालून पाटी पुसत राहिली. पुसण्यासारखे पाटीवर काही नव्हते.

झुंबर तेव्हा पहिल्या ओळीत, साहेबांनी दिलेल्या नव्या जागी बसली होती. चहाडखोर हा शब्द तिला ऐकू आला नव्हता. तिने मागे वळून फक्त जागा पाहिली, कमलच्या दोन्ही बाजूंना सुटलेली. मग ती उठली, पाटी-दप्तर उचलले आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत कमलजवळ जाऊन बसली. मास्तरांनी बोट दाखवले, पहिल्या ओळीत ये म्हणून. झुंबरने मान हलवली आणि कमलचा हात धरला. मास्तरांनी बोट खाली घेतले. मग ते फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि त्या दिवसाचा पाढा प्रथमच लिहून दिला. मोठ्या अक्षरात, मागच्या ओळीपर्यंत दिसेल असा.

झुंबर चौथी पास झाली. पुढे गावात शाळा नव्हती.

मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. इतकी वर्षे घाव खाल्ल्यावर मोठ्या मागण्यांचा कंटाळा येतो. वर्गात कोणाला ऐकू येत नसेल, कोणाला दिसत नसेल, कोणी अडखळत बोलत असेल. त्याच्याविषयी सगळे मिळून एकच गोष्ट म्हणू लागले, तर तुम्ही म्हणण्याआधी ती खरी आहे का, हे एकदा करून पाहा. आणि खरी नसेल तर उभे राहा. पाय कापतील. कापू द्या. त्यानंतर काही दिवस तुमच्याजवळ कोणी बसणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. पण अशी उभी राहिलेली एखादी मुलगी तुमच्या वर्गात असली, तर तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका.